जँगो फॉर्मसेटमधला रिकामा फॉर्म

परवा जँगोच्या (पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या) फॉर्मसेटमध्ये, म्हणजे एकाच पानावरच्या अनेक सारख्या फॉर्मच्या संचात, दोन तास एकाच गोष्टीत गेले. 'अजून एक ओळ जोडा' हे बटण दाबलं की नवीन ओळ दिसायची, भरताही यायची, पण सेव्ह केल्यावर डेटाबेसमध्ये तिचा पत्ताच नाही आणि एररही नाही. कारण साधं होतं, मी टोटल फॉर्म्सचा आकडा वाढवलाच नव्हता. मॅनेजमेंट फॉर्ममधला (फॉर्मसेटचा हिशेब ठेवणाऱ्या छुप्या फील्डमधला) तो हिडन आकडा जेवढा असेल तेवढेच फॉर्म जँगो वाचतो, पुढचे सरळ सोडून देतो. इनिशियल फॉर्म्सला (आधीपासून भरलेल्या फॉर्मच्या आकड्याला) मात्र हात लावू नका.

नवीन ओळीसाठी शेवटची ओळ क्लोन करायची सवय सोडा, प्लीज. तिच्यासोबत भरलेल्या व्हॅल्यू येतात, एरर मेसेज येतात, कधीकधी जुन्या रेकॉर्डचा आयडीसुद्धा. फॉर्मसेट स्वतःच एम्प्टी फॉर्म देतो, त्यात इंडेक्सच्या (ओळीच्या क्रमांकाच्या) जागी दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावलेला प्रीफिक्स हा शब्द असतो. तो फॉर्म एचटीएमएलच्या टेम्प्लेट टॅगमध्ये ठेवायचा म्हणजे सबमिटमध्ये जात नाही, आणि ओळ जोडताना त्या शब्दाच्या जागी सध्याचा टोटल टाकायचा, सगळीकडे, म्हणजे नेम, आयडी आणि लेबलच्या फॉर या अ‍ॅट्रिब्यूटमध्येही (लेबल हमखास राहतं), मग टोटल एकने वाढवायचा. डेट पिकर वगैरे ओळ पानावर आल्यावरच चालू करा.

जादाची ओळ कोरी राहिली तर जँगो तिला व्हॅलिडेट करत नाही, पण ड्रॉपडाऊनमध्ये ब्राउझरने आपोआप काही निवडलं असेल तर ती बदललेली धरली जाते आणि बाकीच्या रिकाम्या राहिलेल्या आवश्यक फील्डवर एरर येतात, म्हणून पहिला पर्याय रिकामाच ठेवा.