खोगीरभरतीच्या बाजूने

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा निरोप आला, त्याच्याखाली संपादक मंडळाची एक प्रेमळ तंबी होती : "कृपया खोगीरभरती नको." शाळेच्या परंपरेला साजेशीच म्हणायची. मराठीच्या बाई निबंधाच्या वहीत समासात लाल शाईने नुसतं 'खो. भ.' लिहायच्या. ज्याला ते मिळायचं त्याला अर्थ विचारावा लागत नसे. तर मंडळाची क्षमा मागून मी थेट खोगिरावरच लिहिते आहे.

आधी त्या भरतीची वकिली करते, कारण भाषेने तिच्यावर अन्याय केला आहे. खोगिरात चिंध्या, केस, गवत, हाताला लागेल ते कोंबतात, म्हणून कामाच्या चार माणसांत बिनकामाची दहा घुसवली की ती खोगीरभरती, असा हिशोब. घोड्याला कुणी विचारलं नाही. स्वाराचं वजन घोड्याच्या कण्यावर पडता कामा नये, ते कण्याच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पसरलं पाहिजे. खोगिराचं पहिलं काम हेच, स्वाराची बैठक नंतर. चांगल्या खोगिराला आत सांगाडा असतो, खाली दोन भरलेल्या गाद्या आणि त्या दोहोंच्या मधून कण्यासाठी मोकळी सोडलेली पन्हळ. गादीतली भरती एका जागी गोळा झाली की बरोब्बर तिथेच घोड्याच्या पाठीला जखम होते. म्हणून खोगीर करणारा जाणकार कारागीर घोड्याची पाठ भरली किंवा उतरली की भरती काढून पुन्हा नीट भरतो. लाकडाबद्दल आणि कातड्याबद्दल सगळे बोलतात. घोड्याची पाठ वाचवणारी मात्र भरतीच असते.

आणि ती टिकतेही. चीनच्या तुर्फान खोऱ्यात यांगहाय इथल्या थडग्यांत एका स्त्रीच्या देहाबरोबर पुरलेलं कातडी खोगीर सापडलं. कार्बन कालमापनाने त्याचा काळ इ.स.पू. ७२४ ते ३९६ यांच्या दरम्यानचा निघाला. आजवर सापडलेल्या अगदी जुन्या खोगिरांपैकी हे एक. त्याच्या दोन उशांमध्ये काय होतं? गवताच्या काड्या, हरणाचे केस, उंटाचे केस. त्या बाईच्या काळात रिकीबही, म्हणजे पाय टेकवायची कडीही, नव्हती, ती कित्येक शतकांनी आली. पाय अधांतरी ठेवून नुसत्या मांडीच्या पकडीवर घोडा हाकणारी ती बाई, आणि तिच्याखाली चोख भरलेली खोगीरभरती. मराठीच्या बाईंना हे सांगायला हवं होतं, असं फार वाटतं.

शाळेत येईपर्यंत खोगीर म्हणजे घोड्यावर घालायची वस्तू, एवढंच ठाऊक होतं. फार तर सायकलच्या सीटलाही सॅडल म्हणतात, हे. पुढे प्रत्येक विषयाच्या तासाला एकेक नवं खोगीर निघत गेलं. शिक्षकांनी आपसांत ठरवून केलं असेल असं वाटत नाही. शिक्षकदालनात त्यांचं चहावरही एकमत होत नसे.

पहिला मान भूगोलाच्या सरांचा. समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आमच्या डोक्यावरून चालल्या आहेत हे पाहून त्यांनी सगळ्या वर्गाला डावी मूठ आवळायला लावली. "वर आलेली हाडं दिसतात? ते डोंगर. आता पेन घ्या." प्रत्येक हाडाभोवती निळ्या शाईने एक वेटोळं काढायचं, त्याच्या जरा खाली त्याहून मोठं. असं उतरत गेलं की एक वेळ अशी येते की शेजारच्या दोन हाडांची वेटोळी एकमेकांना खेटतात, आणि त्याखालची रेषा दोघांना मिळून एकच वेढा घालते. जिथे ती खेटली तिथे बोट ठेवायला सांगून सर म्हणाले, "हे खोगीर. आपण ज्याला खिंड म्हणतो ते. आता सांगा, खिंडीत उभा असलेला माणूस खाली आहे की वर?" अर्धा वर्ग खाली म्हणाला, अर्धा वर. सरांनी भांडण मिटवलं नाही. "तो आला कुठून ते मला आधी सांगा," एवढंच म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

एव्हरेस्टची साउथ कोल हे त्या प्रश्नाचं सगळ्यात भव्य उदाहरण. एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्या मधलं हे खोगीर ७,९०६ मीटरवर आहे. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी २९ मेच्या चढाईआधी तिथल्या तळावरून वर निघाले. खालच्या हिमदरीतून ल्होत्सेची बर्फाची भिंत चढून येणाऱ्याला ती कोल म्हणजे माथाच. पलीकडे पुन्हा खोल उतार. पण एव्हरेस्टहून ल्होत्सेकडे कण्याकण्याने जाणाऱ्या धारेचा विचार केला, तर तीच जागा त्या धारेवरची सगळ्यात खालची. जवळजवळ आठ हजार मीटरवर उभं राहायचं आणि तरी दोन्ही बाजूंनी डोंगरच वर पाहायचे! वारा त्या खाचेत कोंडून असा सुटतो की तिथे बर्फसुद्धा नीट साठत नाही, जागोजाग उघडा खडक दिसतो.

विज्ञानाच्या बाईंचं खोगीर हातातच होतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या हाडावर अंगठ्याचं पहिलं हाड जिथे टेकतं, तिथले दोन्ही पृष्ठभाग खोगिराच्या आकाराचे असतात आणि एकमेकांवर आडवे बसलेले. म्हणून अंगठा पुढेमागे होतो, आतबाहेर होतो आणि इतर चारही बोटांच्या टोकांना भेटून येतो. गुडघा नुसता बिजागरीसारखा दुमडतो, त्याला हे साधत नाही. पेन धरणं, सुईत दोरा ओवणं, चिमटीत मीठ घेणं, ही सगळी त्या सांध्याची कमाई. वयाबरोबर तो झिजतोही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणींना घट्ट झाकण उघडताना तो हल्ली स्वतःहून आठवण करून देतो.

बाईंनी जाता जाता कवटीतलंही एक खोगीर सांगितलं होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हाडात एक छोटी खाच असते, तिच्यात पीयूषिका ग्रंथी बसते. शरीरशास्त्रात तिला सेला टर्सिका म्हणतात, म्हणजे तुर्की खोगीर. पुढून आणि मागून उंच असलेलं, जुन्या घोडेस्वारांचं. शरीराच्या वाढीची सूत्रं हातात असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी खोगिरावर मांड ठोकून बसली आहे, हे चित्र मला तेव्हा इतकं आवडलं की प्रश्नपत्रिकेत आकृती काढताना मी तिला लगामही काढला. बाईंनी गुण कापले नाहीत.

गणिताच्या सरांचा मामला निराळा. ते ऑफ तासाला यायचे आणि अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी काढून बसायचे. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं : क्ष वर्ग वजा य वर्ग. आलेखाच्या कागदावर हे मावणार नाही, याला उंचीही लागते, असं म्हणून ते हवेत हात फिरवू लागले. क्षच्या दिशेने चालत सुटलात तर दोन्हीकडे चढ. यच्या दिशेने चालत सुटलात तर दोन्हीकडे उतार. मधला बिंदू एका वाटेवरचा तळ आणि दुसऱ्या वाटेवरचा माथा. भूगोलाच्या सरांचं निम्मं राहिलेलं उत्तर असं दुसऱ्याच विषयात पुरं झालं. मग त्यांनी विचारलं, "माणसाला दोन पाय, म्हणून खोगिराला दोन बाजूंनी उतार. माकड बसवायचं असेल तर?" आम्ही हसलो. सर गंभीर. "शेपूट कुठे ठेवेल ते? तिसरा उतार लागणार." आणि लिहिलं : क्ष घन वजा तीन क्ष य वर्ग. तीन चढ, तीन उतार, आलटून पालटून. गणितात त्या पृष्ठभागाला खरोखरच माकडाचं खोगीर म्हणतात. आम्हाला ती सरांची थाप वाटली होती. कॉलेजात पुस्तकात छापलेलं पाहिलं तेव्हा त्यांच्याबद्दलचा आदर एकदम वाढला.

मी पुढे स्थापत्य अभियंता झाले, आणि या धंद्यात तर खोगिरांची रेलचेल. नळाच्या चालू लाइनवरून फाटा काढायला बसवतात तेही सॅडल. लेथ यंत्राच्या बेडवर मागेपुढे सरकणारा भाग, तेही सॅडल. गिटारच्या तारा जिच्यावरून ओणवतात ती पट्टी, तीही. छापखान्यात पातळ मासिकाची पानं मध्यावर दुमडून खोगिरासारख्या धारेवर टाकतात आणि घडीवर पिना मारतात, तिला सॅडल स्टिच म्हणतात. त्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत यावी लागते. मजकूर दोन पानं कमी पडला तर काय करायचं, हे संपादक मंडळाला मी सांगायला नको.

पण माझा जीव आहे तो झुलत्या पुलांच्या सॅडलवर. मनोऱ्याच्या माथ्यावर पोलादाची एक जाडजूड वक्र पन्हळ असते. मुख्य केबल तिच्यावरून वळून दुसऱ्या बाजूला उतरते आणि सगळा भार मनोऱ्यावर सोपवते. पूल बांधताना हे सॅडल मुद्दामच किनाऱ्याच्या बाजूला थोडं मागे बसवतात. पुढे रस्त्याचे तुकडे एकेक करून केबलला टांगले की मधल्या गाळ्याचं, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या भागाचं, वजन वाढतं, केबल पाण्याकडे ओढ घेते. मग जॅक लावून सॅडल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायचं, म्हणजे मनोऱ्यावर वाकवणारा ताण साचत नाही, शेवटी दोन्हीकडची ओढ सारखी होऊन मनोरा सरळ उभा राहतो. घोड्याच्या कण्यासारखंच हे. वजन पेलवतं, एकांगी ओढ पेलवत नाही. तुर्कस्तानात दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर २०२२ साली खुल्या झालेल्या १९१५ चानाक्काले पुलाचा मधला गाळा २,०२३ मीटरचा आहे. तुर्की खोगीर म्हटलं की आता मला पीयूषिका ग्रंथीच्या आधी त्याचे मनोरे दिसतात.

छतांनाही हा आकार मानवतो. कॅनडातल्या कॅल्गरीचं १९८३ चं सॅडलडोम नावासकट खोगीर आहे. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या सायकल शर्यतींच्या स्टेडियमचं छतही तसंच, केबलच्या जाळ्याचं. एका दिशेच्या केबल छताचं वजन पेलतात, दुसऱ्या दिशेच्या केबल वाऱ्याने ते उचललं जाऊ नये म्हणून खाली खेचून धरतात. त्या खोगिराखाली सायकलस्वार आपापल्या छोट्या खोगिरावर बसून गरगर फिरतात, त्यांच्यापैकी किती जण वर पाहत असतील देव जाणे. काँक्रीटमध्ये हा आकार कोणी खऱ्या अर्थाने रमवला असेल तर वास्तुकार फेलिक्स कँडेलाने. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर तो मेक्सिकोत आला. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या विद्यापीठात त्याने वैश्विक किरणांच्या प्रयोगशाळेवर छत घातलं. किरण आत यायला हवेत म्हणून छत पातळच हवं होतं. ते माथ्यावर जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचं झालं! सपाट स्लॅब इतका पातळ ओतला तर वाकून मोडेल. खोगिराला दोन उलट दिशांचा बाक असतो, तो त्याला ताठ ठेवतो.

गंमत म्हणजे इतकी वळणं असलेल्या या पृष्ठभागातून सरळ रेषा जातात, प्रत्येक बिंदूतून दोन. म्हणून कँडेलाच्या सुतारांना फळ्या वाकवाव्या लागल्या नाहीत, सरळ फळ्या जराशा तिरक्या मांडत गेलं की झालं.

गणिताचं खोगीर आणखीही कुठे कुठे जातं. १९२८ साली गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याने दोन प्रतिस्पर्ध्यांच्या डावाबद्दल सिद्ध केलेल्या प्रमेयाच्या मुळाशी खोगिराचा हाच मधला बिंदू आहे. एकाचा कमीत कमी फायदा जिथे जास्तीत जास्त होतो, तिथेच दुसऱ्याचा तोटा आटोक्यात राहतो. मला त्यात फार गती नाही. सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं आदित्य-एल१ मात्र जवळचं वाटतं. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं, आणि तो बिंदूही खोगिराचा मध्यच. सूर्य आणि पृथ्वी यांना जोडणाऱ्या रेषेवर यान जरा इकडे सरकलं तर पृथ्वीकडे घरंगळणार, जरा तिकडे सरकलं तर सूर्याकडे. रेषेच्या आडव्या दिशेने सरकलं तर मात्र मध्याकडे ओढलं जाणार. म्हणून तिथे राहायचं तर थोडंसंच इंधन लागतं, पण अधूनमधून सावरावं लागतंच.

आत्ता शाळेत असलेल्यांनी एवढं वाचलं असेल तर त्यांच्यासाठी हस्तकलेच्या बाईंचा पाठ देते. सारख्या लांबीच्या चार काड्या घ्या, टोकांना बांधून चौकट करा. काड्यांवर सारख्या अंतरावर खुणा करा. आता चौकटीचे समोरासमोरचे दोन कोपरे उचला, उरलेले दोन खाली दाबा, आणि ती तशीच राहील असा टेकू द्या. एका काडीवरच्या पहिल्या खुणेपासून समोरच्या काडीच्या पहिल्या खुणेपर्यंत दोरा ताणून बांधा, मग दुसरीपासून दुसरीपर्यंत. दोऱ्याला ढील पडू देऊ नका. समोरासमोरच्या काड्यांच्या दोन्ही जोड्यांचे दोरे झाले की खोगीर तयार. त्यावर पट्टी टेकवून फिरवत राहा, ती दोनच दिशांना पुरी टेकेल. माकडाचं खोगीर या पद्धतीने होत नाही, त्यातून सरळ रेषांचं असं जाळं निघत नाही. ते करायचं असेल तर चिकणमाती घ्या, आणि शेपटीचा उतार विसरू नका.