पिचर माउंटन: दुसऱ्याच्या रानातली वाट

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली मोनॅडनॉक-सुनापी ग्रीनवे ही ५० मैलांच्या आसपासची पायवाट. बराचसा भाग खासगी जमिनीतून जातो, तिथे तिकीट मात्र नाही. ऑगस्टमध्ये आम्ही तिचा स्टॉडर्ड गावाजवळचा टप्पा केला. बॉस्टनहून गाडीने साधारण दोन तास.

पार्किंगपासून पिचर माउंटनचा माथा अगदी जवळ. १९४१च्या वणव्यात हा सगळा मुलूख होरपळला होता. आता माथ्यावर वणवा टेहळणीचा मनोरा आणि भोवती ब्लूबेरीची झुडपं. फळं तोडण्याआधी लावलेली सूचना वाचा. पुढे हबर्ड हिलकडे उतरलं की झाडाच्या बुंध्यांवरचे वाट दाखवणारे पांढरे पट्टे, शेवाळलेले दगडी बांध आणि दाट सावली.

मग जमीनमालकाला मिळतं काय? थेट पैसे नाहीत. १९७३पासून इथे किमान १० एकर रान राखलं तर कर बाजारभावावर नाही, वापरावर बसतो. शिवाय चालणं, स्कीइंग, स्नोशू (बर्फावर चालायचे रुंद जोडे), मासेमारी, शिकार आणि निसर्गनिरीक्षण यांसाठी जमीन बारा महिने फुकट खुली ठेवली, तर करासाठी धरलेली किंमत आणखी २० टक्के कमी होते. गाड्या, मुक्काम आणि शेकोटीला तो नाही म्हणू शकतो.

पण मुळात किंमतच कमी धरलेली. समजा १०० एकर, एकरी १०० डॉलर आणि कर दर हजार डॉलरला २५. वर्षाला वाचले ५० डॉलर! एवढ्यात एक पडलेलं झाड कापून हटवणंही भागत नाही. खरा आधार दुसराच आहे: फुकट येऊ दिलं तर तुमचा पाय मुरगळल्याची जबाबदारी सहसा मालकावर येत नाही, पैसे घेतले की हे कवच जातं. म्हणूनच आपल्याकडच्यासारखं ‘अंगणात गाडी लावा, पन्नास रुपये द्या’ इथे जमत नाही. मला तरी हा मोबदला तुटपुंजाच वाटतो. वाट टिकलीय ती मालकांच्या भलेपणावर, आणि परवानगी ते कधीही मागे घेऊ शकतात.

तेव्हा पट्टे सोडून आडवाटेला शिरू नका. मुक्काम फक्त ठरलेल्या निवाऱ्यांवर. कुत्रा दोरीला बांधलेला हवा. एप्रिलच्या चिखलात जाऊ नका, वाट उखडते. मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात. नोव्हेंबर शिकारीचा, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घालाच. उतरल्यावर पोटऱ्यांवर गोचीड तपासा.