जागा तेच निवडतं

आमच्या टाकीतलं बबल-टिप ॲनिमोन आता डावीकडच्या दगडाच्या खाचेत पक्कं बसलंय, म्हणून हे लिहायला घेतलं. ॲनिमोन म्हणजे समुद्रातला, फुलासारखा दिसणारा, पायाने दगड धरून बसणारा प्राणी; बबल-टिप ही त्यातली शुंडक्यांच्या टोकांना फुगे असणारी जात. खाऱ्या पाण्याची टाकी ज्यांच्या घरी आहे आणि ॲनिमोन आणायचं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी.

आमची टाकी साडेतीन फुटी, ३०० लिटरच्या आसपास, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र). सुरू होऊन वर्ष उलटलं तेव्हाच मी ॲनिमोनचा विचार केला. माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, शून्यावर येऊन बरेच महिने झाले होते, पण तेवढं पुरत नाही. माशाला शरीरातलं मीठ-पाणी स्वतः सांभाळता येतं, ॲनिमोनला येत नाही. बाहेरच्या पाण्याची जी क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, तीच त्याच्या आत. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये टाकीतून रोज काही लिटर पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, आणि संध्याकाळपर्यंत क्षारता चढलेली असते. मासे ते निभावून नेतात. ॲनिमोन आणायचं तर आधी ऑटो टॉप-ऑफ लावून घ्या, म्हणजे पातळी उतरली की आपोआप आरओचं गोडं पाणी पडत राहतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे थेंब मोजणं आणि वहीत नोंद ठेवणं अंगवळणी पडलेलं आहे. माझ्या वहीत क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५ ते २६ अंश, केएच (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारी अल्कधर्मिता) ८, नायट्रेट ५ ते १०. हेच आकडे तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे असतील तरी चालतं. ते रोज तेच असले पाहिजेत. केएच ८ ची ९ करायच्या नादात दोन दिवसांत उड्या मारायला लावण्यापेक्षा ८ च राहू दे.

ॲनिमोन मिळालं ठाण्यातल्या एका दादांकडून. त्यांच्या टाकीत एकाचे दोन झाले होते. बबल-टिप असं मधोमध फाटून दोन होतं, आणि दोन्ही भाग पुढे पूर्ण वाढतात. समुद्रातून उपटून आणलेल्यापेक्षा असं टाकीत जन्मलेलं घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. दादांनी फोनवरच सांगितलं, ‘‘ताई, फुटल्यावर लगेच मी कुणाला देत नाही. जखम भरू दे, खायला लागू दे, मग न्या.’’ गेले तेव्हा मी आधी पाय बघितला, म्हणजे ज्या तळव्याने ते दगड धरतं तो भाग. कुठे चीर नव्हती. मग तोंड बघितलं. ते घट्ट मिटलेलं हवं. आ वासलेलं, आतलं मांस बाहेर आलेलं तोंड दिसलं तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. रंगही बघावा. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवून त्याला देतं. पांढरंफटक, पारदर्शक ॲनिमोन दिसायला फार सुंदर, पण ते शैवाल गमावून बसलेलं असतं, उपाशी असतं. दादांचं तपकिरी-गुलाबी होतं.

हा जीव किती जगू शकतो हे कळलं की त्याला घरी आणताना हात आपोआप जपून चालतात. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डेलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक लाल ॲनिमोन आणलं आणि काचेच्या बरणीत, समुद्राचं पाणी बदलत ठेवलं. ते स्वतः १८५१ मध्ये गेले. ॲनिमोन पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणायचे, आणि ते वारलं १८८७ मध्ये. ना पंप, ना हीटर, ना टेस्ट किट. नेमाने पाणी बदलणारी माणसं तेवढी होती.

ठाण्याहून पुण्याला थर्माकोलच्या डब्यातून आणलं. घरी आल्यावर आधी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तापमान सारखं होईपर्यंत. मग पिशवीतलं पाणी मोजलं: ३२ पीपीटी. माझं ३५. दिसायला तीनचा फरक, पण एकदम सोडलं असतं तर त्या पेशींतलं पाणी झपाट्याने बाहेर ओढलं गेलं असतं. म्हणून पिशवी बादलीत रिकामी केली आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं. पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाकायचं, पुन्हा दुप्पट होऊ द्यायचं. दुसऱ्या फेरीअखेर क्षारता ३४ च्या थोडी वर येते, तेवढं पुरे. सगळं मिळून दीड-दोन तास. कुरियरने दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या ॲनिमोनला मात्र इतका वेळ बादलीत ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे चटकन स्वच्छ पाण्यात हलवणंच बरं.

टाकीत सोडण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची तयारी वेव्हमेकरची, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाची. ॲनिमोन चालतं. रात्रीतून फूटभर सरकू शकतं, आणि सरकताना वेव्हमेकरच्या तोंडाशी गेलं तर त्याच्या चिंधड्या होतात. मग त्या तुकड्यांनी पाणी सडून मासेही जातात. मी दोन्ही वेव्हमेकरना जाड छिद्रांच्या फोमचं आवरण शिवून घातलं, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सम्पमध्ये जातं त्या फटींवर प्लास्टिकची जाळी लावली. हीटर सम्पमध्ये आहे, नाहीतर त्यालाही पिंजरा हवाच, कारण गरम काचेला चिकटलेला पाय भाजतो. फोममध्ये घाण अडकते, ती दर रविवारी धुते.

प्रवाह बंद करून मी ते दगडाच्या एका भोकाशी, पाय खाली येईल असं ठेवलं. पिशवीला चिकटलेला पाय सोडवायला बाहेरून प्लास्टिक बोटाने हलकेच चोळत राहिले, नख कुठेही लावलं नाही. बबल-टिपला खडकाची खाच लागते. पाय आत, अंधारात, आणि तोंड व त्याभोवतीची बोटांसारखी शुंडकी बाहेर, उजेडात. काही जाती वाळूत रुततात, काही दगडाच्या माथ्यावर बसतात, तेव्हा आपल्याकडे कुठली जात आहे ते आधी माहीत हवं. जवळ बसून बघत होते. पायाची कड आधी नुसती थरथरत होती. मग एका बाजूने पातळ होत दगडावर पसरली, भोकाच्या काठावरून आत वळली, आणि मागून अख्खं अंग थोडं खाली ओढलं गेलं. तेव्हा कुठे प्रवाह मंद करून सुरू केला.

सकाळी ते तिथे नव्हतं. दगडाच्या मागे, काचेच्या बाजूला जाऊन बसलं होतं. इथेच बहुतेकांचे हात शिवशिवतात: काढावं, पुन्हा छान दिसेल तिथे ठेवावं. अजिबात करू नका. खरवडून काढताना पाय फाटतो आणि पायाची जखम बहुधा जिवावर बेतते. त्याला हवा तो उजेड, हवा तो प्रवाह त्याचं तेच शोधतं. मागून ते वर चढलं, काही दिवस माथ्यावर होतं, मग डावीकडच्या खाचेत उतरलं. मी फक्त लाइट कमी ठेवले, नेहमीच्या ४० टक्क्यांवर, आणि आठवड्याला थोडे थोडे वाढवत गेले. दादांच्या लाइटची ताकद वेगळी, माझ्या एलईडीची वेगळी, आणि एकदम प्रखर उजेडात तेच उपयोगी शैवाल त्याच्या अंगाला बाधतं.

पहिल्या दिवसांत ते अधूनमधून पूर्ण आकसायचं. सासूबाई सकाळी पूजेची फुलं घेऊन जाताना टाकीपाशी थांबायच्या. ‘‘अगं, हे गेलं का गं? मनुकेसारखं झालंय.’’ ‘‘नाही हो आई, पोट साफ करतंय.’’ ॲनिमोनला खाण्याचं आणि टाकण्याचं तोंड एकच. जुनं पाणी बाहेर फेकून ते नवं भरून घेतं. काही तासांत पुन्हा फुगलं तर चिंता नाही. दिवसभर तोंड उघडं, पाय सुटलेला, अंग विरघळत चाललेलं आणि पाण्याला वास, असं झालं तरच ते लगेच बाहेर काढायचं, पाणी बदलायचं आणि फिल्टरला कार्बन लावायचा.

एका गुरुवारी वीज गेली ती दुपारपर्यंत आली नाही. बॅटरीवरचा एअर पंप आणि इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर, एवढ्यावर निभावलं. पुण्यात टाकी ठेवणाऱ्याकडे हे दोन्ही हवंच.

जागा पक्की झाल्यावर मगच खायला दिलं. मंडईतून आणलेली साधी कोळंबी, मीठ-हळद न लावलेली, वाटाण्याहून लहान तुकडा, लांब चिमट्याने. शुंडक्याला टेकवला आणि ते चिकटलं. टोकाचे फुगे त्या बाजूने आत झुकले, शेजारची शुंडकी एकेक करून येत गेली, आणि तुकडा सावकाश मधल्या तोंडाकडे सरकला. चिकटणं हीच तब्येतीची खूण. मोठा तुकडा दिला तर तासाभराने तो उलटून टाकतं, शक्ती वाया. मी आठवड्यातून एकदाच देते.

आणि क्लाउनफिश, म्हणजे ॲनिमोनच्या शुंडक्यांत राहणारे मासे. जगात एक हजाराहून जास्त जातींची ॲनिमोन आहेत, क्लाउनफिश राहतात त्यांतल्या फक्त दहाएक जातींत. माझी जोडी ओसेलॅरिस या जातीच्या क्लाउनफिशची, हॅचरीत वाढलेली. समुद्रात ही जात बबल-टिपमध्ये राहत नाही, टाकीत मात्र बरेचदा राहते. सुरुवातीला मी मधे जाळीचा पडदा घालून त्यांना दूर ठेवलं, कारण आल्या आल्या ते अंगावर लोळण घेतात, तोंडातला घास ओढतात, आणि न रुजलेल्या ॲनिमोनला हा त्रास नको. पडदा आता काढलाय. मादी खाचेजवळून जाते, शेपटी लावून बघते, परत पंपामागच्या आपल्या कोपऱ्यात येते. नर अजून तिकडे फिरकलेला नाही. कुणाकुणाकडे याला महिने लागलेत. मी त्यांना ढकलणार नाही. लाइट सध्या ७० टक्क्यांवर आहेत आणि या आठवड्यात वाढवणार नाही, कारण केएच थोडा उतरलाय. तो आधी जागेवर येऊ दे.