सिस्टर, बाळ कुठं गेलं?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, मनोगत पाठवा, असा मेसेज आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा मी नाईट ड्युटीवर होते. वाचल्या वाचल्या डोळ्यासमोर आल्या त्या फक्त सिस्टर, आपल्याला शिकवणाऱ्या नन. नाव लिहीत नाही, 87-88 च्या आसपास जे शाळेत होते त्यांना सिस्टर म्हटलं की कळतंच. बाकीच्या सगळ्या शिक्षकांचेही उपकार आहेतच, पण मला लिहायचंय ते सिस्टरांच्या एका तासाबद्दल.

आम्ही सातवीत होतो. आठवड्यातून दोन तास कॅथलिक धर्मशिक्षणाचे, आपल्यातली हिंदू मुलं तेव्हा बाजूच्या वर्गात नीतिशिक्षणाला जायची. त्या दिवशी सिस्टर पाप शिकवत होत्या. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या, अजून तशाच आठवतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे माहीत हवं, आणि स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. तिन्ही असतील तरच ते मोठं पाप, जे माणसाचं देवाशी नातं तोडतं. एक जरी नसेल तर पाप असेल पण तसलं नाही. आम्हाला तोपर्यंत वाटायचं की शुक्रवारी चुकून मांस खाल्लं तरी थेट नरक! सिस्टर म्हणाल्या, अगं देव चुका शोधत बसलेला नाही, तो कुणाला नरकात ढकलत नाही, माणूसच शेवटपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला तर तो नरक. (1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे जाहीर सभेत जवळपास हेच बोलले, नरक म्हणजे जागा नव्हे तर देवापासून स्वतःला तोडून घेतल्याची अवस्था. मला सिस्टरच आठवल्या.)

मी हात वर केला. वर्गात मी कधीच काही विचारायची नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, सिस्टर, आमचं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नव्हता, मग ह्या तीनमधलं त्याने कुठलं केलं?

आदल्या वर्षी, 86 च्या पावसाळ्यात, माझा धाकटा भाऊ गेला होता. रस्त्यावर गुडघाभर पाणी, फादरांना बोलवायला बाबा निघाले आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. आजी म्हणायची बाळ लिंबोत गेलं, तिथं दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. आजीला तिच्या लहानपणी हेच शिकवलेलं, तिचा दोष नाही. बाळाला सिमेट्रीच्या भिंतीजवळ कोपऱ्यात पुरलं, क्रूस नाही काही नाही. आई त्यानंतर वर्षभर सिमेट्रीत गेली नव्हती. रविवारी चर्चमधला मिस्सा (उपासना) संपला की मान खाली घालून थेट वाडीत, केळींना पाणी सोडायला.

सिस्टरांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले नाहीत, तसेच पांढरे हात घेऊन माझ्या बाकापाशी आल्या आणि कडेला बसल्या. म्हणाल्या, कुठलंच नाही. मूळपाप, म्हणजे आदाम-एवेपासून जन्मासोबत येणारं पाप, आपण करत नाही, ते आपल्या वाट्याला येतं, ते आपलं कृत्य नाही. स्नानसंस्कार आवश्यक आहे हे खरं, पण देव स्वतःच्या संस्कारांनी बांधलेला नाही, आणि येशूनेच सांगितलंय, बालकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका. मग बाळाला कोण अडवणार ते मला सांग. मी विचारलं, मग नक्की स्वर्गात आहे? त्या म्हणाल्या, आशा ठेव बाळा, भरपूर आशा ठेव. खोटी खात्री त्यांनी दिली नाही, आणि म्हणूनच मला ते पटलं असावं.

त्या रविवारी सिस्टर घरी आल्या. आजी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती, सिस्टर तिच्याशेजारी बसून कळ्या निवडू लागल्या, अर्धा तास कुणी त्या विषयावर काही बोललं नाही. मग आईला म्हणाल्या, चला जरा. आम्ही तिघी सिमेट्रीत गेलो. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती म्हणून सिस्टरांनी आपल्या पदराचा आडोसा केला (त्या साडी नेसायच्या, आठवत असेल). आई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पुढच्याच तासाला सिस्टरांनी आम्हाला अडीअडचणीचा स्नानसंस्कार शिकवला. जीव धोक्यात असेल आणि फादर पोचू शकत नसतील तर कुणीही देऊ शकतं, देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतं, फक्त चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायची इच्छा हवी, पाणी हवं आणि शब्द बरोबर हवेत. कुणाची तरी प्लास्टिकची बाहुली आणि स्टीलचा पेला घेऊन चाळीस मुलांकडून एकेक करून करून घेतलं, ज्याचे शब्द चुकले त्याला परत लाईनीत उभं केलं.

आज मी मुंबईत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, चोवीस वर्षं झाली, आता इन्चार्ज आहे. आईवडिलांनी सांगितलं तर मध्यरात्री सुद्धा, बोटभर कपाळावर पाणी ओतून मी ते शब्द म्हटलेत, तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. एकदा मी घरी होते, एका बाळाचे आईबाप हात जोडून उभे, तेव्हा माझ्या हिंदू मैत्रिणीने मला फोन लावला, मी शब्द सांगत गेले आणि ते स्वतः म्हणत तिने पाणी ओतलं. बाळ पहाटे गेलं. त्या आईला मी नंतर सांगू शकले की संस्कार पूर्ण झालाय, जराही शंका ठेवू नका. हे सगळं आपल्या शाळेतल्या त्या स्टीलच्या पेल्याचं देणं आहे.

2007 मध्ये रोमच्या ईशज्ञान आयोगाने (चर्चच्या धर्मपंडितांच्या मंडळाने) स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांवर दस्तऐवज काढला, लिंबो हा कधीच श्रद्धेचा सिद्धांत नव्हता आणि ह्या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं त्यात आहे. त्याआधी चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातही येशूचं तेच बालकांचं वाक्य देऊन आशा व्यक्त केलेली. आमच्या सिस्टरांनी ते 87 मध्ये बाकाच्या कडेवर बसून सांगितलं होतं. 2007 ला आजी हयात नव्हती, नाहीतर तिला वाचून दाखवलं असतं.

आता धर्मशिक्षणाला प्रोजेक्टर आलाय, चांगलंच आहे, पण माझ्या भाच्याला मी पापाच्या तीन अटी विचारल्या तर त्याला एकही सांगता आली नाही. मरणघरी लगेच म्हणतात, गेला तो स्वर्गात, सुटला. मग त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? सिस्टर म्हणायच्या, शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या आत्म्यांना आपली गरज असते, देवाच्या दारापर्यंत पोचलेल्या माणसाला हात धुवायला आपण पाणी द्यायचं. आणि शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग किती उरलेत हे ऐकून फार वाईट वाटलं. सिस्टरांचं ते सगळं मराठीतच होतं ना.

सिस्टरांची बदली झाली, मी पत्र पाठवलं नाही, आज पाठवू उद्या पाठवू करत वर्षं गेली, आणि त्या गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी दोन मिस्से सांगते, एक बाबांसाठी, एक सिस्टरांसाठी. आई अजून आहे, गुडघे दुखतात तरी त्या कोपऱ्यात मेणबत्ती लावायला स्वतः जाते.

87-88 च्या सातवीच्या ग्रुप फोटोत सिस्टर मधल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या उभ्या आहेत. माझा फोटो 2005 च्या पुरात भिजून खराब झाला. कुणाकडे असेल तर कृपया शाळेच्या ऑफिसात देऊन ठेवा, मी येऊन कॉपी काढून घेईन.