डीव्हीडी संग्रह: आठव्या महिन्याचा हिशेब

आज सकाळी वहीत १५२वा नग चढवला. जानेवारीपासून ७,४४८ रुपये गेले. त्यात कुरिअर, रिकाम्या केसेस, दादरला जाण्यायेण्याचं तिकीट, सगळं आलं. म्हणजे नगामागे ४९ रुपये. (दोन-तीन सीडींची व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडींवर भरलेला चित्रपट किंवा नाटक, मी एकच नग धरते.) सुरुवातीला सरासरी पन्नासची मर्यादा घालून घेतली होती, ती आठ महिने सांभाळली गेली याचं मला फार समाधान आहे.

पहिल्या महिन्यात मात्र हिशेब चुकत होता. मी बोली फक्त डिस्कची लावायचे. साठला सुटलेली डीव्हीडी मुलुंडला घरी पोचेपर्यंत एकशे चाळीसची व्हायची. आता लिलाव सुरू व्हायच्या आधीच वहीच्या समासात घरपोच किंमत लिहिते, तिच्यातून कुरिअर वजा करते, आणि उरलेला आकडा ती माझी शेवटची बोली. आकडा एकदा लिहिला की त्याला हात लावायचा नाही. आठ महिन्यांत तीनदाच लावला, आणि त्यातला एकदाचा मी आजही योग्यच मानते. त्याबद्दल पुढे सांगते.

माझी बहुतेक खरेदी दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवरच्या लिलावांतून होते. ॲडमिन फोटो टाकतो, बेस म्हणजे सुरुवातीची बोली ठरवतो, पुढची बोली दहा-दहाने वाढते आणि रात्री दहाला बंद. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली टाकली तर वेळ पाच मिनिटांनी वाढतो. हा नियम मला आवडतो, कारण ऐन शेवटच्या क्षणी घुसून वस्तू उचलता येत नाही आणि ज्याला खरंच हवी आहे त्याला विचार करायला सवड मिळते. ईबेवर वेळ संपली की संपली, पण तिथे आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवता येते आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. आपल्या मुंबईचीच बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतली आणि तेच पुढे भारतातलं ईबे झालं. तेही २०१८ मध्ये बंद पडलं. आता बाहेरच्या ईबेवरून मागवायचं तर डिस्कपेक्षा टपालखर्च जड होतो. म्हणून न्यू जर्सीच्या मामेबहिणीच्या पत्त्यावर पाच-सहा डिस्क साठवते आणि ती सुट्टीवर आली की बॅगेतून आणते. तिथे आपल्या कंपन्यांच्या, ‘ऑल रीजन’ (म्हणजे जगातल्या कुठल्याही भागातल्या प्लेअरवर चालणाऱ्या) असं छापलेल्या डिस्कच घ्यायच्या. अमेरिकी कंपन्यांच्या डिस्क रीजन १च्या आणि आपला भारत रीजन ५ मध्ये. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो.

मुंबईतल्या मुंबईत असेल तर कुरिअर करूच नका. आपल्याकडे लोकल आहे. मी विक्रेत्याला सरळ विचारते, दादरला भेटाल का? विक्रोळीच्या एका काकांकडून आतापर्यंत १९ नग घेतले, सगळे दादरच्या पुलावर, ऑफिस सुटल्यावर. ते पिशवीतून डिस्क काढतात, मी मोबाइलचा टॉर्च लावून तिथेच बघते, यूपीआय करते, पुढची गाडी पकडते. त्यांना घाई असली तरी ते कधी ‘घरी जाऊन बघा’ म्हणाले नाहीत. असा विक्रेता मिळाला की दहा रुपये जास्त गेले तरी मला चालतात.

टॉर्च कशासाठी, तर व्हीसीडीसाठी. तिच्यात १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक, त्याच्या वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लॅकरचा संरक्षक लेप आणि चित्र, बस्स. खालून पडलेला ओरखडा बऱ्याचदा निभावतो. वरून, चित्राच्या बाजूने, ओरखडा गेला असेल तर माहितीच खरवडली जाते. टॉर्च मागे धरून बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसले तर ती सीडी घेऊ नका. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांच्या मधे असतो, त्यामुळे वरच्या ओरखड्यापासून ती बरीच सुरक्षित.

आणि खालचा रंग बघा. कंपनीची छापील डिस्क बहुधा चंदेरी असते. जांभळट किंवा निळसर-हिरवट झाक दिसली तर ती कुणीतरी घरी बर्न केलेली. आतल्या पारदर्शक कड्यावर ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी बारीक अक्षरं आणि पुढे कोड असेल तर डिस्क कारखान्यातली असण्याची खात्री वाढते. हे मी मार्चमध्ये शिकले. एका विक्रेत्याकडून २२ डीव्हीडींचा लॉट ६०० रुपयांना घेतला, त्यातल्या नऊ रंगीत झेरॉक्स लावलेल्या कॉप्या निघाल्या. फोटोत फक्त कव्हरं होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय मी बोली लावत नाही, समोरचा कितीही चिडला तरी.

तरीही खरी बचत लॉटमध्येच आहे. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडींचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, व्हिडिओ लायब्रऱ्या तर त्याआधीपासूनच मिटत होत्या, आणि त्यांचा माल अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून आहे. जूनमध्ये अशाच एका लायब्ररीच्या ४० व्हीसीडी ९०० रुपयांना सुटल्या. मला हव्या होत्या १४. उरलेल्यांतल्या ११ ग्रुपवर अदलाबदलीत गेल्या आणि त्यांच्या बदल्यात सात चांगल्या डीव्हीडी आल्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा घरोघरी त्या गेल्या. त्यामुळे आजही त्या भरपूर निघतात. वीसच्या वर जाऊ नका, पुढच्या लॉटमध्ये तीच डिस्क पुन्हा भेटेल. तीन चित्रपट एकाच डीव्हीडीवर कोंबलेल्या असतात त्या मी घेतच नाही. एका थराच्या डिस्कवर जागा ४.७ जीबी. तीत साडेसात तासांचं चित्र बसवलं की गर्दीच्या प्रसंगात चौकोन चौकोन दिसायला लागतात.

जूनचा तो लॉट ओलसर जागेतला होता. खोका उघडल्याबरोबर कुबट वास आला. सीडींवर पांढरट बुरशीची नक्षी, केसमधली छापील इनले कार्डं प्लास्टिकला चिकटलेली. दोन रविवार गेले. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसताना नेहमी मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि प्लेअर तिथेच अडतो. मग सावलीत उभ्या करून वाळवल्या. कार्डं गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडली, तोंडाला रुमाल बांधून. नंतर एकेक सीडी कॉम्प्युटरला लावून एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल (तिच्यातच चित्र-आवाज असतो) पूर्ण कॉपी करून बघितली. ४० पैकी ३६ शेवटपर्यंत कॉपी झाल्या. आता प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या बदलायच्या असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आता तो मोडलेला आकडा. एका जुन्या मराठी नाटकाची दोन सीडींची व्हीसीडी, समासात १२०, सुटली ३१०ला. हे नाटक आईने लग्नाआधी शिवाजी मंदिरला पाहिलं होतं. चित्र व्हीसीडीचंच, ३५२ बाय २८८, त्यामुळे मागच्या रांगेतल्या नटांचे चेहरे पुसट दिसतात. पण सुरुवातीला तिसरी घंटा ऐकू येते, दुसऱ्या अंकात प्रेक्षागृहात कुणीतरी खोकतं, आणि एका वाक्यावर टाळ्या थांबेपर्यंत नट तसाच उभा राहतो. आई म्हणाली, “अगं, इथे आम्हीपण अशाच टाळ्या दिल्या होत्या.” हा प्रयोग कुठल्याही ॲपवर मला सापडलेला नाही. मराठी नाटकांच्या व्हीसीडी म्हणूनच मी आता यादीत सगळ्यात वर ठेवल्या आहेत. कंपनीची प्रत मिळाली की मर्यादा दीडशेपर्यंत न्यायची, बाकी खरेदी चाळीसच्या आत ठेवून भरून काढायची.

प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट घेताना एक विचारून घ्या. त्यांनी बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही काढले: ‘कुंकू’ (१९३७) म्हणजे हिंदीत ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) म्हणजे ‘आदमी’, ‘शेजारी’ (१९४१) म्हणजे ‘पडोसी’. विक्रेता घाईत एकाच्या नावाने दुसरं टाकतो. डिस्कवर छापलेलं नाव वाचता येईल असा फोटो मागवा.

सध्या ‘शेजारी’चा लिलाव चालू आहे. डिस्कचा खालचा फोटो मागितला, चंदेरी आहे, कोडही दिसतो. विक्रेती ठाण्याची, दादरला भेटायला तयार आहे. बोली ९० वर आली आहे, शुक्रवारी रात्री दहाला बंद. नाटक नसलं तरी समासात १५० लिहिलंय.