कौलं उतरली तरी वाचनालय चालू राहिलं

जानेवारीतल्या कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव जवळजवळ लिहून झाला होता : 'इमारत दुरुस्तीच्या कामाकरिता वाचनालय 1 एप्रिलपासून सहा महिने बंद राहील.' ग्रंथपाल म्हणून मी सभेला होते, मत द्यायचा अधिकार मला नव्हता. तरी उठून बोलले. 2020 च्या टाळेबंदीनंतर आम्ही दार उघडलं तेव्हा रोज संध्याकाळी येणारे कितीतरी जण परत आलेच नाहीत. कुणाची वर्गणी थकली होती म्हणून संकोच, कुणाला दुसरी सवय लागलेली. वाचायची सवय मोडली की ती पुन्हा लावणं भिंत बांधण्यापेक्षा कठीण आहे, असं मी म्हटलं. कार्यवाह सर शांतपणे म्हणाले, "मग मॅडम, कसं चालवायचं ते तुम्हीच मांडा." मी आठ दिवस मागून घेतले.

आमची इमारत नव्वदी ओलांडलेली. दगड-चुन्याच्या भिंती, वर सागवानी वासे आणि मंगळुरी कौलं. आढ्याला वाळवी लागलेली, वरच्या मजल्याची एक तुळई खचलेली. आत साडेअठरा हजार पुस्तकं. शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणून मी आणि शिपाईमामांनी एका तीन फुटी फळीवरची पुस्तकं तोलली. अठ्ठावीस किलो. एका कपाटाला सहा फळ्या. हा हिशोब इंजिनिअरसाहेबांपुढं ठेवला तेव्हा त्यांनी लगेच बजावलं, की वरच्या मजल्यावर मधोमध एकही गठ्ठा रचायचा नाही, जे ठेवायचं ते भिंतीच्या कडेनं. आम्ही तर नेमकी मधोमधच रास करणार होतो.

आठव्या दिवशी कागदावर तीन टप्पे मांडले. एप्रिल-मेमध्ये छप्पर, पावसाळ्यात खालची फरशी आणि गिलावा, दिवाळीच्या आधी वायरिंग आणि रंग. प्रत्येक टप्प्यात निम्मी पुस्तकं कुठं तरी हलणार, निम्मी वाचकाच्या हाताशी राहणार. सुट्टीपुरतं जवळच्या शाळेनं सभागृह दिलं, पण जूनच्या मध्यावर शाळा भरायच्या आत ते रिकामं करून द्यायचं होतं. मंडळानं मान्यता दिली. एक अट मी आग्रहानं ठेकेदाराच्या करारनाम्यात घालून घेतली : ब्रेकर, कटर, पाडकाम, जे काही मोठ्या आवाजाचं असेल ते दुपारी 12 ते 4 मध्येच. आमचं वाचनालय तेवढा वेळ बंदच असतं. करार झाल्यावर तोंडी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

हलवायची पुस्तकं कमी कशी करायची, याचं उत्तर वाचकांकडंच होतं. एरवी सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. आम्ही फलकावर लिहिलं : 'दहा पुस्तकं घरी न्या, दसऱ्यापर्यंत सांभाळा. विलंब आकार नाही.' मनात धाकधूक होती, पुस्तकं गेली तर? पण पंधरा दिवसांत पावणेतीन हजार पुस्तकं लोकांच्या घरी गेली. भजनी मंडळातल्या बायका रिक्षा करून आल्या आणि चरित्रांचं जवळजवळ एक कपाट घेऊन गेल्या. एका आजोबांनी विचारलं, "मॅडम, जाडजूड कोशाचे खंड कुणी नेणार नाही, ते मी नेऊ का? माझ्याकडं लोखंडी कपाट आहे." संदर्भग्रंथ बाहेर द्यायचे नाहीत हा नियम. मंडळाची परवानगी काढली, वेगळ्या वहीत नोंद केली आणि दिले.

उरलेली पुस्तकं खोक्यांत. मोठं खोकं भरलं की दोघांनाही उचलत नाही, म्हणून औषधांच्या दुकानांतून लहान खोकी गोळा केली. पहिल्या दिवशी आम्ही नंबर वरच्या झाकणावर टाकले. एकावर एक रचल्यावर एकही नंबर दिसेना. ती सगळी खोकी उतरवून पुन्हा दोन्ही बाजूंना लिहिलं : कपाट, फळी, डावी की उजवी. 'क 12 - 3 - डा.' म्हणजे बाराव्या कपाटाच्या तिसऱ्या फळीचा डावा अर्धा भाग. फळीवर पुस्तक ज्या क्रमानं उभं होतं त्याच क्रमानं खोक्यात. यामुळं वाचकानं एखादं पुस्तक मागितलं तर मामा दहा मिनिटांत खोकं काढून देत. काम चालू असताना अशी खोक्यातली पुस्तकं आम्ही रोज काढून दिली, आणि मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त अभिमान याचाच वाटतो.

देवघेवीचं टेबल ओट्यावर आलं. वर्तमानपत्रांचं लांब टेबलही तिथंच, वर हिरवी जाळी. संगणक शाळेत ठेवला होता, म्हणून ओट्यावरची देवघेव हातानं वहीत लिहायची आणि रात्री 'ई-ग्रंथालय' या संगणकावरच्या ग्रंथालय-प्रणालीत चढवायची. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेविना हवालदिल झाली होती. त्यांना शाळेच्या सभागृहात पुस्तकांच्या खोक्यांमध्येच सतरंज्या आणि डेस्क मांडून दिले. मुलांनी स्वतःहून पाळ्या लावून सभागृह झाडायचं अंगावर घेतलं.

आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला.

अर्धी कौलं उतरलेली, ताडपत्री बांधलेली. बांधणारा माणूस एका कोपऱ्याला सुतळी मारायची विसरला होता. रात्री दहाला शेजारच्यांचा फोन आला. आम्ही पोचलो तोवर वरच्या मजल्यावर राहिलेल्या दोन कपाटांवर पाण्याची धार लागली होती. मी ती ओली पुस्तकं हातात घेतली तेव्हा खरंच रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते, हे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकलेलं डोक्यात पक्कं होतं. थोडी भिजलेली पुस्तकं शाळेत पंख्याखाली पंख्यासारखी उघडी उभी केली, उन्हात नाही, कारण उन्हात पानं वेडीवाकडी वळतात. मध्ये मध्ये कोरा कागद घालून दर दोन तासांनी बदलायचा. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं सुकताना पानाला पान चिकटून वीट होते, त्यांचं पान न् पान सोडवत बसलो. जी चिंब होती, अशी चाळीसेक पुस्तकं, एकाच वेळी हाताळणं शक्य नव्हतं. ती एकेक करून पिशवीत घातली आणि आइस्क्रीमवाल्या काकांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. गोठवलं की बुरशी थांबते, मग सवडीनं पाच-पाच काढून वाळवता येतात. काकांनी कप्पा रिकामा करून दिला, महिनाभर. सहा पुस्तकं आम्ही गमावली. त्यांतली दोन बाजारात आता मिळत नाहीत.

त्या रात्रीनंतर एक नियम केला : संध्याकाळी कामगार गेल्यावर ताडपत्रीचे चारही कोपरे मी किंवा मामा स्वतः हातानं ओढून बघणार. आणि पुस्तकांवर थेट प्लॅस्टिक घालायचं नाही. आत दमट हवा कोंडते. आधी जुनी सुती चादर, मग वरून प्लॅस्टिक, खालून हवा खेळती.

पावसाळ्यातला टप्पा तुलनेनं सरळ गेला, फक्त धूळ अफाट. मऊ ब्रशनं पुस्तकाचा माथा आधी झाडायचा, पुस्तक घट्ट मिटून धरून, नाहीतर धूळ पानांत उतरते. भिंतींना पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. सिमेंटनं लवकर उरकलं असतं, पण जुन्या चुन्याच्या भिंतीची ओल सिमेंटखाली अडकून राहते आणि पुढं कपाटांच्या पाठीला लागते. चुना वाळायला आठवडे लागले. कपाटं परत लावताना भिंतीपासून पाच इंच जागा सोडली, ती आजही तशीच आहे.

दसऱ्याला पुस्तकं घरोघरहून परत यायला लागली. बऱ्याच पुस्तकांना नवी कव्हरं घातलेली होती, कुणी सांगितलं नसताना. कोशाचे सगळे खंड लोखंडी कपाटातून सुखरूप आले, प्रत्येकात वेखंडाची पुरचुंडी. दाखल नोंदवहीवरून मोजणी केली. लोकांनी नेलेल्यांपैकी अकरा पुस्तकं अजून यायची होती. त्यांतली नऊ दिवाळीपर्यंत आली.

दिवाळीच्या आधी आतला हॉल झाला. नवी फरशी, चांगले दिवे. वर्तमानपत्रांचं टेबल आम्ही आत नेलं. सकाळी आठला एक निवृत्त गुरुजी येतात, सगळे महिने ओट्यावर जाळीखाली बसून त्यांनी पेपर वाचला होता, धुरळ्यातही. ते आत आले, खुर्चीवर बसले, पाच मिनिटांनी उठून माझ्याकडं आले.

"बाई, टेबल बाहेरच राहू द्या की. तिथं उजेड बरा होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं."

मामांनी आणि मी ते उचलून परत ओट्यावर ठेवलं. आता रोज सकाळी तिथं सात-आठ माणसं असतात, त्यातली तिघं याआधी कधीच वाचनालयात आलेली नव्हती.