साडेतीन आठवडे मिटून बसलेले झोआ

खाऱ्या पाण्याचा टँक १५० लिटरचा, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं चालू आहे. यात फक्त झोआ (गालिच्यासारखे पसरणारे, फुलासारखे दिसणारे समुद्री जीव) आणि मशरूम प्रवाळ आहेत. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ते मी ठेवत नाही.

१० मे
हिरव्या झोआंचा सगळा गालिचा मिटलेला. मिटणं म्हणजे लगेच आजार असं मी धरत नाही. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला हेच जीव उन्हात घट्ट मिटून बसलेले पाहिले आहेत, भरती आली की पुन्हा फुलतात. त्यामुळे दोन दिवस वाट पाहिली.

१५ मे
अजून मिटलेलेच. आता काळजी वाटायला लागली, कारण त्यांच्या अंगातलं शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करतं आणि पॉलिप, म्हणजे एकेक झोआ, मिटला की तो पुरवठा आटतो. लाइट ६० टक्क्यांवरून ४० वर आणला. वेव्हमेकरची (पाणी हलवणाऱ्या पंपाची) दिशा बदलली. एक फ्रॅग (वसाहतीचा सुटा तुकडा) आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून काढला, एकही किडा पडला नाही. हे तिन्ही बदल एकाच दिवशी केले, ही माझी चूक. फरक पडला असता तरी कशामुळे पडला ते कळलं नसतं.

खरं तर आधी नीट बघायला हवं होतं. प्रकाश कमी पडला की झोआंचे देठ लांब होऊन वर ताणले जातात. पॉक्स हा आजार असेल तर देठावर बारीक पांढरट-पिवळे फोड दिसतात. कुणी खात असेल तर एखाद्याच कोपऱ्यातले पॉलिप गायब होतात. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. टँकभर सगळे एकसारखे आखडलेले होते, आणि सगळीकडे एकच लक्षण असेल तर संशय पाण्यावर घ्यायचा.

२१ मे
सगळ्या टेस्ट पुन्हा केल्या. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, दोन्ही ठीक. पण अल्कलिनिटी ८.२ वरून ९.२, कॅल्शियम ४२० वरून ४७०, मॅग्नेशियम १३०० वरून १४५०. डोसिंग, म्हणजे ही द्रव्यं वरून घालणं, मी करतच नाही. सुटे सुटे पाहिले तर यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा दिसलं, तिन्ही साधारण एकाच प्रमाणात वाढलेत, अकरा-बारा टक्के. म्हणजे अख्खं पाणीच दाट झालंय. आणि खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तर समुद्राच्या पाण्यासारखाच ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) दाखवतोय!

मग एप्रिल आठवला. जुना रिफ्रॅक्टोमीटर पडून फुटला, नवा आणला, आरओच्या (क्षार काढलेल्या) पाण्यावर शून्य लावला. त्यानं टँक ३१ दाखवला. जुनाच खोटं सांगत होता असं समजून मी आठवडाभरात मीठ वाढवून ३५ केलं.

२२ मे
३५ चं कॅलिब्रेशन द्रावण मिळालं. नव्या रिफ्रॅक्टोमीटरवर त्याचं रीडिंग ३१! म्हणजे टँक प्रत्यक्षात ३९ च्या पुढे. शून्यावर बरोबर असलेलं मीटर ३५ वर बरोबर असेलच असं नाही, म्हणून ते ३५ वरच लावायचं. द्रावण मिळत नसेल तर ३६.५ ग्रॅम साधं खायचं मीठ (टँकचं समुद्री मीठ नव्हे) आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी वजनकाट्यावर अचूक मोजून घ्या. प्रकाशाचं वक्रीभवन ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकंच होतं. हे फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी, कंडक्टिव्हिटी मीटरला चालत नाही.

२३ ते ३० मे
एका दिवसात उतरवायचा मोह टाळला. रोज दोन लिटर टँकचं पाणी काढून दोन लिटर आरओ घातलं. त्यानं दिवसाला साधारण अर्धा पीपीटी उतरतो. बाष्पीभवनाचं टॉप-अप वेगळं. आठव्या दिवशी ३५.

३ जून
सकाळी अकराला कडेचे सहा पॉलिप उघडले. पाच मिनिटं काचेला नाक लावून उभी होते. संध्याकाळपर्यंत अर्धा गालिचा हिरवा.

९ जून
केशरी फ्रॅग मात्र अजून मिटलेला, शिवाय त्याचे चार पॉलिप कमी झालेले. रात्री लाइट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन बसले. देठांच्या मुळाशी चपटी, चौकडीच्या नक्षीची सनडायल गोगलगाय सापडली. ती झोआ खाते आणि आयोडीनच्या डिपमध्ये शंखात मिटून तग धरू शकते, म्हणून चिमट्यानं काढली. फ्रॅग हाताळताना हातमोजे आणि चष्मा घातलाच, तुम्हीही घाला. काही झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, आणि त्याच कारणानं असा दगड कधीही उकळू नये, त्याची वाफ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

१४ जून
हिरवे सगळे उघडे. केशरीचे नऊ उरलेत, त्यातले पाच उघडतात. लाइट दर आठवड्याला पाच टक्क्यांनी परत वाढवते आहे. गोगलगायीची अंडी राहिली असतील, म्हणून रोज रात्री टॉर्चची फेरी चालू आहे.